व्हिटबीच्या बंदरावरची मास्तरीण

हॅलो?… हॅलो, कोण? नंदा का?… अगो मी, वैनी बोलत्ये. अमेरिकेतून… हो, हो, येतोय आवाज. तू ओरडू नको, शेजारी धावत येतील.

बरी आहे. बरी म्हणजे जिवंत आहे… नाही, ताप नाही, काही नाही. नंदे, तुझ्या पुतण्याने काय केलंन ठाऊक आहे? मला मास्तरीण केलंन.

मास्तरीण. शाळेतली… अगो चेष्टा कशाला करीन? सातासमुद्रापलीकडून फोन लावून चेष्टा करत्ये होय? चार वर्षं झाली करून, मला आत्ता कळलं.

हस. हस तू. मीही हसले असते, पण अर्ध्या तासात गाडी निघायची आहे, आणि तिकडे बायका शाल-नारळ घेऊन बसल्यात.

सत्कार गो. माझा. इथल्या मराठी मंडळाची गुरुपौर्णिमा आहे आज… हो, मंगळवारीच झाली, पण इथे सगळे सण रविवारी येतात. एडिसन म्हणून गाव आहे, इथून तासाभरावर. तिथे हॉल घेतलाय. तीन शिक्षकांचा सत्कार. दोन खरे, तिसरी मी.

काय म्हणून म्हणजे? ‘निवृत्त प्राथमिक शिक्षिका’ म्हणून. छापलंय तसं कागदावर. मुख्याध्यापिका नाही केलंन, तेवढी दया.

तेच तर! दुसरीतून उठले ती परत शाळेचं तोंड पाहिलं नाही मी. तुला ठाऊक आहे, अख्ख्या हर्णैला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त माझ्या व्याह्यांना.

हो, आश्लेषाचे आईबाप. पुण्याचे. चंद्रशेखरराव आणि प्रतिमाताई. मे महिन्यापासून इथेच आहेत, लेकीकडे. मीही इथेच, लेकाकडे. अठराव्या मजल्यावर पाच माणसं, आणि खिडकी उघडायची सोय नाही.

आपल्या गुरूनेच सांगितलंन त्यांना. लग्न ठरताना. ‘वडील बोटींच्या व्यवसायात होते, आई शाळेत शिकवायची.’… आता कळलं का, तुला लग्नाला का नाही बोलावलं? ‘काकू, हॉल लहान आहे’ म्हणाला ना तुला? हॉल लहान नव्हता, नंदे. मी पाहिला. आपलं अख्खं बंदर त्यात बसलं असतं आणि वर जाळी सुकवायला जागा उरली असती.

रडू नको. ऐक. ऐक ना गो, रडायला नंतर वेळ आहे.

मला विहिणीचाच राग होता आधी. सांगते ना. रोज सकाळी चहा झाला की ती बाई माझ्यापुढे वर्तमानपत्र करायची. पुण्याहून गठ्ठाच आणलाय तिने, जुन्या अंकांचा. ‘अहो, हे शब्दकोडं अडलंय, आडवा शब्द सुचतोय का बघा ना.’ मला! मी अक्षरं जुळवत दुकानाची पाटी वाचते, तर पाटी संपेस्तोवर गाडी पुढे जाते. मला वाटायचं, मुद्दाम टोचते. अडाणी म्हणून हिणवते. एकदा तिच्या कोड्यावर मी चहाचा चोथा ओतला… हो, सरळ ओतला. दुसऱ्या दिवशी तिने नवं आणून दिलंन, हसत. मी म्हटलं, काय पण निगरगट्ट बाई आहे!

आणि ती बिचारी माझा मान ठेवत होती, नंदे. तिला सांगितलेलं, ही शिक्षिका. दोन महिने मी एका भल्या माणसाला मनातल्या मनात फुकटच्या शिव्या घातल्या. त्या कोणाच्या खात्यावर जायच्या?

नाही, इथे नाही कळलं. विलायतेत कळलं… हो, जाऊन आले. मागच्या आठवड्यात आलो परत. तुला आधी नाही सांगितलं, तू म्हणशील मोठी झाली.

इथे चार जुलैची सुट्टी असते, तिला जोडून रजा काढलीन त्याने. सासू-सासऱ्यांना इंग्लंड दाखवायचं होतं. मला म्हणतो, ‘आई, तू पण चल, तुला समुद्र दाखवतो.’ मला म्हणाला असं! पोरगा हौसेने नेतोय म्हटलं.

व्हिटबी. गावाचं नाव… हो, तसंच काहीतरी, जीभ सरळ केली की येतं. मँचेस्टरला विमानातून उतरलो, तिथून भाड्याची गाडी, गुरू चालवत होता. दोन-अडीच तास नुसता उघडा माळ आणि मेंढ्या. मग रस्ता खाली उतरायला लागला, आणि मी काच खाली केली, आणि नंदे… वास आला.

कसला काय? आपला! भिजलेली दोरी, डिझेल, मासळीचं पाणी. दोन महिन्यांनी छाती भरली माझी. आणि पुढून विहीणबाई म्हणाल्या, ‘शी, कसला हा वास?’ तर गुरूने तिकडून बटण दाबलंन आणि माझी काच वर केलीन. माझ्या बाजूची. मागे वळून बघितलंनसुद्धा नाही.

हो, फार जुनं गाव. मधून नदी, दोन्ही काठांना घरं एकावर एक रचलेली, जसे काय टोपलीत बोंबील. नदीवर पूल, होडी आली की बाजूला फिरतो… अगो फिरतो, खरंच. वर डोंगरावर पडकं देऊळ, त्यांचं, आणि तिथवर दोनशेला एक कमी पायऱ्या. मी चढले. व्याही निम्म्यात बसले. आणि ते पांढरे पक्षी! आपले कावळे परवडले. माणसाच्या हातातला घास नेतात.

राहायला घेतलं ते घर मासेमाराचं. म्हणजे कधीकाळच्या. दोन खोल्या, दार इतकं बुटकं की चंद्रशेखररावांनी दोनदा कपाळ फोडून घेतलं. आता त्यात कोणी मासेमार राहत नाही. सुट्टीची माणसं येतात, चार दिवस झोपतात, जातात. आणि भिंतीवर, नंदे, जाळं टांगलेलं.

वाळत कुठलं? शोभेला! मी हात लावून पाहिलं. एकदाही पाण्यात गेलेलं नाही. नवं कोरं, मुद्दाम मळवलेलं.

आणि गुरू काय बोलतो ठाऊक आहे? विहिणीला सगळं समजावून सांगतो, पुस्तक हातात धरून. ‘या कोळ्यांचं आयुष्य फार खडतर होतं बघा. पहाटे दोनला निघायचे. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन मैलोन् मैल चालायच्या.’ मी तिथे कोपऱ्यात लसूण सोलत बसल्ये. मी! हर्णै ते दापोली जिने पायाखाली घातलं, ती. माझ्याकडे मान वळवलीन नाही.

थांब, त्याच्या पुढचं ऐक. एका दुकानात स्वेटर होते, जाड, निळे, दर्यावर जाणाऱ्यांचे. म्हणे गावागावाची वीण वेगळी असायची. का तर माणूस बुडाला आणि परक्या किनाऱ्याला लागला, तर विणीवरून ओळखता यावा. खरं-खोटं त्यांना ठाऊक, पण तिथे लिहिलं होतं तसं. गुरूने वाचून मराठीत सांगितलंन. आणि सांगताना त्या विणीवरून हात फिरवत राहिला. विहीणबाईंनी डोळे टिपले.

मी दुकानाबाहेर आले, नंदे.

वादळानंतर ह्यांना केळशीला तिसऱ्या दिवशी वाळूवर ठेवलं होतं, तेव्हा मी कशावरून ओळखलं, ते तू जाणतेस. तू माझा हात धरून उभी होतीस. गुरू नऊ वर्षांचा. तो त्या दिवसाबद्दल आजवर एक अक्षर बोलला नाही, मी वाट पाहिली. आणि तिथे परक्याच्या स्वेटराबद्दल एवढं बोलला.

हो… हो गो. असू दे. रडत नाही मी. सर्दी झाल्ये, तिथली थंडी.

तिथेच एक फोटो विकत घेतलान. भला मोठा, काचेत बसवलेला, जुना काळा-पांढरा. एक बाई, डोक्यावर टोपली, पायात काही नाही, कपाळाला आठ्या. विमानातून मांडीवर घेऊन आला, फुटेल म्हणून. आत्ता बसल्ये ना मी, समोर सोफ्याच्या वर भिंतीवरच लावलाय. येणारेजाणारे म्हणतात, ‘व्वा!’

कोणाचा म्हणजे? कोण जाणे. कोणाची तरी आई असेल.

नाही, माझा नाही घरात. एकही नाही.

आता हे ऐक, हे हसण्यासारखं आहे. पण आधी शपथ घे, कुठे बोलायचं नाही. शुभाला पण नाही. तुझ्या सुनेच्या पोटात पाणी ठरत नाही… घेतलीस? विहीणबाई शुद्ध शाकाहारी. त्यांच्या पातेल्याला मासळीचा चमचा लागलेला चालत नाही. आणि त्या गावात जिकडे बघावं तिकडे मासळी तळतायत. मग ह्या दोघांनी काय खावं? बटाट्याच्या फोडी. बोटाएवढ्या जाड, तळलेल्या, वर मीठ आणि आंबट शिर्का. तीन दिवस, दोन्ही वेळा. ‘काय खमंग आहेत हो! आपल्याकडे अशी चव येत नाही.’

येईल कशी? दुसऱ्या दिवशी कागद गार झाला, तर त्याला पांढरं चिकटलेलं. तेल कधी थिजतं का असं? मी गुरूकडे बघितलं. त्याने तोंडावर बोट ठेवलंन. गोठ्यातल्याची चरबी, नंदे… हो, तीच. तीच गो! तिकडे तशातच तळायची रीत आहे, चोरून नाही काही, दुकानावर पाटी लावून. गुरूने पहिल्याच दिवशी वाचली होती, पण तोवर ह्यांचा पहिला पुडा संपला होता.

तेच मी विचारलं! संध्याकाळी परत का आणलास? तर म्हणतो, ‘आई, आता एकदम बंद केलं तर का म्हणून विचारतील.’

बघ. एकदा तोंडातून गेलं की पुढे निस्तरायला तेच पुन्हा आणायचं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की ह्याची ही सवय जुनी आहे.

नाही सांगितलं. सांगणार पण नाही. देवाधर्माची बाई आहे, अंथरूण धरील. चूक तिची नाही.

पाऊस फार आहे का गो तिथे? आवाज येतोय पत्र्यावर… होड्या नीट शाकारल्यात ना? आणि माझी जागा? दापोलीच्या बाजारात बसतेस ना माझ्याच जागेवर? ती पलीकडची सरला पाय पसरते, तिला पसरू देऊ नको. सुकटीला ओल लागू देऊ नको, खाली विटा घाल… हो, घातल्यास? शहाणी आहेस.

हां, तर बंदरावरचं.

तिसऱ्या दिवशी मला सवयीने चारला जाग आली. तिथे उन्हाळ्यात चारलाच उजाडतं. सगळे झोपलेले. मी शाल घेतली, सपाता घातल्या, उतरले धक्क्यावर. होड्या लागत होत्या. कोणी विचारलं नाही कोण तू म्हणून. एक बाई होती, माझ्याच वयाची, रबरी बूट, कमरेला प्लास्टिक बांधलेलं, हात लाल भडक. बांगडा साफ करत होती… बांगडाच गो! आपल्यापेक्षा अंगाने लांब, पाठीवर पट्टे जास्त, पण बांगडाच. मी न विचारता एकाचा कल्ला उघडून पाहिला. लाल, कुंकवासारखा. मग शेजारच्या खोक्यातला उघडला. करडा, दोन दिवसांचा. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि ते खोकं पायाने गुपचूप मागे सारलंन!

हो ना! अशी हसली ती, दोन दात नाहीत पुढचे. आणि सुरीची मूठ माझ्याकडे केलीन.

केले तर काय! पदर खोचला, बसले. तिची सुरी लांब, पातळ, लवते. आपल्या कोयतीसारखी नाही. पहिले चार हातात नीट बसेनात. पाचव्यापासून बसले. दोन खोकी साफ केली आम्ही, नंदे. ती तिचं बोलत होती, मी माझं. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, आणि कुठेच अडलं नाही. तिने स्वतःच्या कपात मला चहा दिलान. चार माणसं उभी राहून फोटो काढायला लागली. काढा म्हटलं! दोन महिने त्या अठराव्या मजल्यावर माझे हात नुसते मांडीवर पडलेले असायचे, एखाद्या मेलेल्या माणसाचे असावेत तसे. त्या सकाळी ते माझे झाले.

मग आली वरात. आश्लेषा, तिचे आईबाप, आणि पुढे गुरू. मला शोधत. मला बघितलंन आणि जागच्या जागी थिजला. विहीणबाई म्हणाल्या, ‘अगंबाई, हे काय?’ ती म्हातारी आनंदाने गुरूला काहीतरी विचारत होती. माझ्याकडे बोट, माशांकडे बोट. विचारत असणार, ही आमच्यातलीच ना? दुसरं काय विचारील?

आणि गुरू हसला. त्याचं ते ऑफिसातलं हसू. ‘नो, नो,’ म्हणाला, ‘शी इज अ टीचर. रिटायर्ड टीचर.’

कळलं तर! एवढं इंग्रजी मला कळतं. टीचर मला कळतं. ह्याच्या टीचरला दर दिवाळीत सुरमई कोण नेऊन देत होतं?

आधी वाटलं, परक्या बाईपुढे बढाई मारतोय, मारू दे. पण विहीणबाई कौतुकाने म्हणतात, ‘बघा, एवढ्या शिक्षिका असून किती सहज मिसळतात!’ आणि चंद्रशेखरराव मान डोलावतात. तेव्हा लख्ख उजेड पडला. ती वर्तमानपत्रं, ती कोडी, ‘तुम्हीच सांगा, तुमचा अधिकार’ म्हणायची ती मला. सगळं एका दमात कळलं. नंदे, भर बंदरात, गुडघाभर मासळीत मी बसल्ये, आणि मी तिथे नाहीच. माझ्या जागी दुसरीच कोणी बाई उभी केल्ये ह्याने, साडी माझी आणि तोंड तिचं.

म्हातारी? तिने माझा हात धरलान, उताणा केलान. अंगठ्याखाली आपल्या कापल्याच्या खुणा असतात ना, त्या पाहिल्यान. मग आपला हात उताणा करून शेजारी धरलान. तिथेच गो. त्याच जागी, तशाच. आणि गुरूकडे अशी बघायला लागली… मला त्याची कीव आली.

हो, कीव. आई आहे ना मी. मेली ती जात.

मग त्याने खिशातून ओले कागद काढले, लिंबाच्या वासाचे, आणि माझे हात पुसलेन. बोट न् बोट. सासू-सासरे म्हणतात, ‘किती काळजी घेतो आईची!’

नाही, तिथे तमाशा नाही केला. घरातलं परक्या बंदरावर काढायचं नाही. विमानात विचारलं. ती तिघं झोपली होती. म्हटलं, ‘गुरू, मी कुठल्या शाळेत होते रे?’ त्याने आधी खिडकीचा पडदा खाली ओढलान. मग म्हणतो, ‘आई, तेव्हा घाबरलो होतो. लग्न मोडलं असतं. आता योग्य वेळ आली की सांगतो.’ चार वर्षं येतेय ह्याची योग्य वेळ. तेवढ्यात ओल्या मासळीचं खत होतं.

आश्लेषाला पहिल्यापासून ठाऊक आहे. पोरगी वाईट नाही. तीच परवा माझ्यापाशी येऊन बसली, म्हणाली, ‘आई, मी त्याला हजारदा म्हटलं, सांगून टाक, माझे आईबाबा तुला खाणार नाहीत. तो ऐकतच नाही. आता मीच सांगू का?’ मी म्हटलं, तू नको. ज्याने दोरी गुंतवली त्यानेच सोडवावी.

आणि आता हा सत्कार. तो विहीणबाईंनीच ठरवला, हौसेने. गुरूला कळलं तेव्हा नावं छापून झाली होती. मग माझ्याकडे आला. ‘आई, प्लीज. पाच मिनिटांचं काम आहे. शाल घ्यायची, हसायचं, बसायचं. मग तू तिकडे गेलीस की मी सगळं सांगीन.’ मी गेल्यावर! माझ्या तेराव्याला सांगणार असेल.

काय?… काय म्हणालीस?

तू पण, नंदे? तू पण म्हणतेस, घे शाल?

हो, कळतंय… हो, त्याचा संसार… हो गो, एका शालीने माझं काय झिजतंय, कळतंय मला. पाच दिवस मी हाच हिशोब करत्ये. सकाळी उठून साडी नेसले, बघ, हिरवी, तयार बसल्ये. मन म्हणतं, जा, लेकासाठी एवढं काय. पोटात घातलं त्यात हे आणखी एक. लाटेखाली मान घालावी तशी घालायची.

पण नुसती शाल नाही गो. बोलायचं आहे. त्याने लिहून दिलंन, मोठ्या मोठ्या अक्षरांत, मला वाचता यावं म्हणून. थांब, चष्मा कुठाय… हां. ऐक. ‘मी… तीस… वर्षे… वि… विद्… विद्या… दानाचे…’ मेलं काय जोडलंय एकाला एक… ‘विद्यादानाचे प… पवि… पवित्र… कार्य… केले.’

ऐकलंस? मी माझ्या तोंडाने हे म्हणायचं, मायकावर.

तर मग त्या तीस वर्षांत दापोलीच्या बाजारात कोण बसत होतं? पावसात गोणपाट पांघरून, ताप अंगात घेऊन कोण बसत होतं? गुरूने त्या बाईला लपवली, ते मी सोसलं. पण हे वाचलं की तिला मी मारली. माझ्या हाताने. मग राहिलं काय माझ्यापाशी, सांग. नवरा दर्याने नेला, लेक अमेरिकेने. एक ती बाजारातली बाई तेवढी माझी आहे.

आणि तुला आठवतं का? ही विसरलेली अक्षरं मला पुन्हा शिकवली कोणी? ह्यानेच. हे गेल्यावर मी बाजारात बसायला लागले, तेव्हा शाळा सुटली की येऊन माझ्या पाठीमागे बसायचा. पाटीवर लिहून दाखवायचा, ‘आई, हा क, ह्याला शेपूट काढ.’ हातांना मासळीचा वास यायचा माझ्या, तर माझं बोट धरून गिरवून घ्यायचा. तेव्हा नव्हतं नाक मुरडलंन. मास्तर झाला तो माझा, नऊ वर्षांचा. गुरुपौर्णिमा करायची तर नंदे, मी त्याची करायला हवी होती. खुशाल वाकले असते त्याच्यापुढे.

तोच हा. तेच अक्षर. मी ओळखते.

हं?… फोनच्या कार्डातली बाई बोलली मधेच. एक मिनिट राहिलं म्हणत्ये. बोल पटकन… नाही. नाही गो, मी तुझ्यावर रागावले नाही. तू माझ्या भल्याचंच…

कोण? हो, हो, विहीणबाई, झाली तयारी! तुम्ही व्हा पुढे लिफ्टपाशी… हो, सुंदर दिसत्ये म्हणे साडी. भली बाई, नंदे, काय करू… गुरूला पाठवा जरा आत. एकट्याला.

नंदे, ठेवू नको. मिनिटभर आहे ना, धरून राहा.

ये. दार लाव ते… उशीर होऊ दे. फोनवर नंदा आहे, तुझी काकू. हॉलमध्ये न मावलेली. तिलाही ऐकू दे, घरातलं एक माणूस असावं साक्षीला.

गुरुनाथ, मी येत नाही… मधे बोलू नको. आजारी आहे म्हणून सांगायचं नाही, मी ठणठणीत आहे. चक्कर आली, शीण आला, काही नाही. माझ्या नावाने आणखी एक खोटं आजपासून खपवून घेणार नाही. खाली तुझी सासू विचारील, आई का नाही आल्या? तेव्हा तोंड तुझं, जीभ तुझी. शाल घालायची असेल तर राजाराम तांडेलच्या बायकोला घाला, दापोलीत मासळी विकणारीला. ती इथे बसल्ये. तिला आई म्हणून नेणार असशील, तर आत्ता उठते. नाहीतर मंगळवारचं तिकीट काढ माझं.

खाली काय बघतोस? वर बघ. तू वाईट नाहीस रे. वाईट असतास तर मला सोपं गेलं असतं, शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुझा बाप वादळात गेला पण दर्याला पाठ दाखवली नाही. मी विधवा बाई बाजारात बसले, कोणाच्या बापाला भ्याले नाही. आणि तू भ्यालास दोन साध्या म्हाताऱ्या माणसांना, जी तुला कधी उणं बोलली नाहीत. माझ्या पोटचा असून भित्रा निघालास, गुरुनाथ.